पऱ्हाटी, चुना आणि सहा तास

कापूस वेचणीला आला की यवतमाळ जिल्ह्यात डोळ्यांना इजा होण्याचे दिवस सुरू होतात. वाकून वेचताना पऱ्हाटीची सुकी काडी बुबुळाला घासते, सोयाबीन थ्रेशरवर असले की कुटार उडते. ओरखडा इतका बारीक की संध्याकाळपर्यंत माणूस तो विसरूनही जातो. पण काडीवर बुरशी असते, आणि ती कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, शिरली की काही दिवसांत पांढरट व्रण दिसू लागतो. मग कुणी मध सुचवतो, कुणी दूध, नाहीतर दुकानातून ‘लाली जायचे’ थेंब येतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर लाली खरोखरच जाते आणि आत बुरशी मोकाट वाढते. व्रण पुढे भरला तरी फूल राहते. ते नेमके मध्यभागी पडले की नजर गेली.

नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. ओरखडा पडल्यापासून अठरा तासांच्या आत प्रतिजैविकाचे साधे मलम सुरू केले, तर व्रण होणे बहुतेक टळते, असे तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिले. पन्नाशीच्या आतल्या अंधत्वात कॉर्नियावरच्या फुलाचा वाटा भारतात सर्वांत मोठा आहे, हे २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले. म्हणजे ही कमावत्या वयाची व्याधी.

२०१७ च्या फवारणीतल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दाखल झाले आणि त्यांतल्या अनेकांची नजरही धूसर झाली होती. ही धूसरता आणि फूल यांची गल्लत मात्र करू नये. फवारणीतल्या त्या कीटकनाशकांच्या विषाने बाहुली आकसते, उतारा म्हणून दिलेल्या ॲट्रोपिनने ती मोठी होते. दोन्हींत दिसायला त्रास होतो आणि फुलाचा त्रास जसा कॉर्निया बदलून जाऊ शकतो तसा तो जात नाही. विष थेट डोळ्यात उडाले तर गोष्ट वेगळी. तेव्हा दवाखाना गाठण्याआधी पंधरा-वीस मिनिटे नुसत्या पाण्याने डोळा धूत राहायचे.

चुन्यालाही हेच लागू. खर्ऱ्याच्या या मुलखात चुन्याची पुडी पोरांच्या हाती सहज लागते, दाबली की फुटते आणि डोळा भाजून निघतो. जगातले पहिले यशस्वी कॉर्निया रोपण झाले तेही चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावरच. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स गावी, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ते केले. कॉर्निया मिळाला तो अकरा वर्षांच्या एका जिवंत मुलाचा. इजेमुळे त्याचा डोळा काढावाच लागणार होता. मजुराचा एक डोळा टिकला आणि तो पुन्हा कामाला लागला.

हे जमते याचे कारण कॉर्नियाच्या घडणीत आहे. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि आत रक्तवाहिनी एकही नाही. त्यामुळे रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याला चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असल्यास मात्र डोळे घेत नाहीत.

कायदाही जुनाच आहे. विदर्भ मुंबई राज्यात येऊन वर्ष होते न होते तोच, १९५७ मध्ये, कॉर्निया रोपणासाठी मुंबई राज्याने स्वतंत्र कायदा केला. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २०११ च्या दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही डोळे काढण्याची मुभा दिली. शवविच्छेदनाच्या प्रकरणांतही कायद्यात वाट आहे.

अडते ते अंतरावर. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. वणी किंवा उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यात रात्रीचा मृत्यू, पावसाचे दिवस आणि लेक पुण्याहून निघालेली. माझे मत विचाराल तर संकल्पपत्रांचे कार्यक्रम आणि त्यांचे फोटो निम्मे केले तरी चालतील. पत्र भरलेले असो वा नसो, प्रत्यक्षात होकार लागतो तो घरच्यांचा, आणि नेत्रपेढीला फोन करायचे भान त्या घटकेला कुणाला तरी राहावे लागते. ते शेजारी असोत, आशाताई असोत की पोलीस पाटील. पथक येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोके उशीवर थोडे उंच. पथकाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. पुढच्या जन्मी आंधळे होण्याच्या भीतीवर मी वाद घालत नाही. आजी-आजोबांपैकी कुणी आधीच बोलून ठेवले असेल तर घरात तो प्रश्नच निघत नाही.

काढलेला कॉर्निया साध्या द्रावणात चार दिवस, भारी द्रावणात चौदा दिवसांपर्यंत टिकतो. हल्ली शक्य तिथे पूर्ण कॉर्निया न बदलता खराब झालेला थरच बदलतात. पूर्ण बदलला तर केसाहून बारीक टाके वर्षभरही राहतात, थेंब त्याहून जास्त काळ. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा कमी दिसू लागले, तर वेचणी टाकून त्याच दिवशी निघायचे. शरीर नवा कॉर्निया नाकारू लागल्याची ही लक्षणे असतात आणि वेळेत औषध मिळाले तर तो बहुधा वाचवता येतो.