कॉम्प्युटरचं दुकान आणि जीएसटी: ४० लाखांच्या भरवशावर राहू नका

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे फक्त कॉम्प्युटर विकणं नसतं. तिथे प्रिंटर विकला जातो, बिघडलेला लॅपटॉप दुरुस्त होतो, झेरॉक्स निघते, दहावी-बारावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, हजचा ऑनलाइन अर्जही तिथेच होतो. आपल्याही काही घरांतली मुलं या धंद्यात आहेत. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आपली उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, आपल्याला जीएसटी लागत नाही."

हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडू शकतं. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

४० लाख कोणाला, २० लाख कोणाला?

महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. सेवा देणाऱ्यांसाठी ती वर्षाला २० लाख आहे. जो दोन्ही करतो, म्हणजे माल विकतो आणि दुरुस्तीही करतो, त्यालाही २० लाखांचीच मर्यादा लागू होते.

समजा, एका दुकानात वर्षभरात १४ लाखांचे कॉम्प्युटर-प्रिंटर विकले, ५ लाखांची दुरुस्ती झाली आणि ३ लाख झेरॉक्स-प्रिंटचे आले. एकूण २२ लाख. दुकानदार ४० लाखांचा हिशोब धरून निश्चिंत बसलेला असतो, पण त्याची नोंदणीची वेळ २० लाख ओलांडले तेव्हाच आलेली असते. त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. एकाच पॅनवर दुसरा धंदा असेल तर त्याची उलाढालही यातच धरली जाते.

माल की सेवा, हा जुनाच वाद

जीएसटीच्या आधी राज्य सरकार मालाच्या विक्रीवर कर घेई आणि केंद्र सरकार सेवेवर. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. सॉफ्टवेअर माल आहे की सेवा, यावर खटले चालले. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं की सीडीवर तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा मालच आहे, त्यावर राज्याचा विक्रीकर लागू शकतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही कर एकात गेले. पण 'माल की सेवा' हा प्रश्न नोंदणीच्या मर्यादेत अजून शिल्लक आहे.

गिऱ्हाईक किती देणार?

कॉम्प्युटरच्या बहुतेक सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यातले ९ टक्के केंद्राचे, ९ टक्के राज्याचे. १,००० रुपयांच्या दुरुस्तीचं बिल १,१८० होतं. गावातलं गिऱ्हाईक म्हणतं, "हजारच देतो." मग त्या हजारात दुकानदाराचे ८४७ आणि कराचे १५३. विद्यार्थी किंवा शेतकरी या कराची वजावट घेऊ शकत नाही, म्हणून त्याला तो भारीच वाटतो.

पण मुरबाड एमआयडीसीतला कारखाना वेगळा विचार करतो. त्याला जीएसटीचं बिल हवंच असतं, कारण त्या कराची वजावट त्याला मिळते. अशी कामं घ्यायची असतील तर नोंदणी ओझं नाही, फायद्याची आहे.

कंपोझिशनचा मार्ग

छोट्यांसाठी कंपोझिशन योजना आहे, पण नीट बघून घ्या.

• मुख्यतः माल विकणारा १ टक्का भरू शकतो. उलाढालीची मर्यादा दीड कोटी. मात्र सेवेचं उत्पन्न ५ लाख किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या आत हवं.

• मुख्यतः सेवा देणाऱ्यासाठी ६ टक्क्यांची योजना आहे. मर्यादा ५० लाख. हे ६ टक्के सगळ्या विक्रीवर लागतात, मालावरही. लॅपटॉपवर नफा आधीच थोडा असतो, तो यातच संपेल. दुरुस्ती-झेरॉक्सवाल्याला मात्र ही योजना परवडू शकते.

• दोन्हींत गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

वरच्या उदाहरणातल्या दुकानाची सेवा ८ लाखांची आहे, म्हणून त्याला १ टक्क्याची योजना मिळणार नाही.

लाइट बिलाचे पैसे तुमचे नाहीत

२०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. फॉर्म भरणाऱ्यांनी यातून शिकायला हवं. परीक्षा फी, लाइट बिल, सरकारी शुल्क हे पैसे आपल्या खात्यातून जातात, पण ती आपली कमाई नाही. गिऱ्हाईकाच्या वतीने भरलेली रक्कम आणि आपला चार्ज पावतीवर वेगवेगळा लिहा. भरल्याच्या पावत्या जपा. पुरावा नसेल तर सगळंच तुमची उलाढाल आहे असं समजलं जाईल.

उशीर झाला तर?

मागच्या गिऱ्हाईकांकडे कर मागायला जाता येत नाही, तो खिशातून जातो. वर १८ टक्के व्याज, आणि दंड १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यातला जो जास्त तो. नोंदणी झाल्यावर धंदा झाला नाही तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये लेट फी लागते.

सरकारी पोर्टलवर नोंदणीला फी नाही. एजंट पैसे मागत असेल तर ते त्याच्या कामाचे, सरकारचे नाहीत.

आमचं सांगणं एवढंच: आज रात्री दुकान बंद केल्यावर एप्रिलपासूनचा हिशोब मांडा. माल वेगळा, सेवा वेगळी, दुसऱ्याचे पैसे वेगळे. बेरीज १५-१६ लाखांच्या पुढे गेली असेल तर नोटिशीची वाट न बघता कर सल्लागाराला भेटा. मुलगा दुकान सांभाळतो आणि हिशोब अब्बांच्या वहीत असतो, अशा घरांत तर दोघांनी एकत्रच बसा.