विश्लेषण : ‘चाचणी’चा मेल खऱ्या ग्राहकांना कसा पोहोचतो?

जून २०२१ मध्ये ‘एचबीओ मॅक्स’ या स्ट्रीमिंग सेवेच्या अनेक ग्राहकांना एक विचित्र मेल आला. विषय होता ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल’ आणि आत मजकूर म्हणावा असे काही नव्हते. चाचणीचा मेल चुकून गेल्याचे कंपनीने मान्य केले, एका ‘इंटर्न’कडे बोट दाखवले आणि समाजमाध्यमांवर विनोदांना ऊत आला. मेल निरुपद्रवी होता. पण त्या जागी चाचणीसाठी बनवलेले वीज बिल किंवा खात्यातून पैसे कापल्याचा संदेश असता, तर? चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्यातली भिंत अनेकदा एका छोट्या फाइलची असते. तिला ‘कॉन्फिगरेशन फाइल’ म्हणतात.

एकाच ॲपला अनेक फायली कशासाठी?

ॲपचा कोड एकच असला तरी तो किमान तीन ठिकाणी चालतो : प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या सर्व्हरवर आणि तुमच्या-आमच्या मोबाइलला उत्तर देणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर. या तिसऱ्याला ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. प्रत्येक ठिकाणी डेटाबेस वेगळा, मेल पाठवणारी यंत्रणा वेगळी. ‘रेझरपे’सारख्या पेमेंट कंपन्या तर चाचणीची आणि खऱ्या व्यवहाराची किल्ली वेगवेगळी देतात; चाचणीच्या किल्लीने कितीही ‘खरेदी’ केली तरी खरा पैसा हलत नाही. हे तपशील कोडमध्येच लिहिले, तर जागा बदलताना दर वेळी कोडही बदलावा लागेल आणि कधी तरी कुणी तरी विसरेलच. म्हणून ते बाहेर काढून प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र फाइल ठेवतात.

योग्य फाइल कोण निवडते?

मायक्रोसॉफ्टच्या ‘एएसपी डॉट नेट कोअर’चे उदाहरण घेऊ. त्यात सर्वांसाठी समान अशी एक मूळ फाइल असते आणि तिच्यावर त्या त्या ठिकाणची फाइल चढते. वरच्या फाइलमध्ये फक्त फरक लिहायचा, बाकी सारे मूळ फाइलमधून येते. आपण कुठे आहोत हे ॲपला कळते ते त्या मशीनवर ठेवलेल्या एका ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’वरून.

ते ठेवायलाच विसरलो तर? ॲप स्वत:ला ‘प्रॉडक्शन’ समजते. हे उलटे वाटेल, पण त्यात शहाणपण आहे : खऱ्या सर्व्हरवर विसर पडला, तरी बिघाडाचा आतला तपशील परक्यांना दिसत नाही. ‘जँगो’मध्ये मात्र नव्या प्रकल्पात दोष-तपासणी सुरूच असते. ती प्रॉडक्शनमध्ये तशीच राहिली, तर एरर आल्यावर कोडचे तुकडे आणि सर्व्हरची माहिती कुणालाही वाचता येते.

मग पासवर्डही याच फाइलमध्ये?

नाही, आणि खरा धोका इथेच आहे. या फायली कोडबरोबर ‘गिटहब’सारख्या ठिकाणी जातात. २०१६ मध्ये उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब साठ्यात हल्लेखोर शिरले, तेव्हा त्यांना तिथे ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली. तिच्या जोरावर सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. उबरने त्यांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण दडपले. ते नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाले आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

‘हिरोकू’ कंपनीतील मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ नियमांत यासाठी एक सोपी कसोटी आहे : कोड आत्ताच्या आत्ता जगासमोर ठेवला तर एखादे गुपित फुटेल का? प्रत्येक ठिकाणाची वेगळी फाइल तर त्यांना मुळातच नको होती, कारण ठिकाणे वाढतात तशा फायलीही वाढत जातात. ते जरा टोकाचे वाटते. पानावर किती वस्तू दाखवायच्या, कोणती भाषा आधी, असले फरक फाइलमध्ये राहिले तर बिघडत नाही. पासवर्ड आणि किल्ल्या मात्र सर्व्हरवर किंवा स्वतंत्र तिजोरीत हव्यात.

वापरकर्त्याने काय ओळखावे?

‘टेस्ट’ असा संदेश आला तर घाबरू नका, पण त्यातल्या लिंकवर बोटही ठेवू नका. एखाद्या साइटवर ‘काही तरी बिघडले आहे’ असे साधे वाक्य येण्याऐवजी कोडच्या ओळी आणि फाइलींची नावे पडद्यावर आली, तर तिथे चाचणीची सेटिंग खऱ्या सर्व्हरवर चालू असण्याची शक्यता आहे. तिथे कार्डाचा क्रमांक टाकू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर न टाकता कंपनीच्या ग्राहक सेवेकडे पाठवा. त्यात दुसऱ्याच कुणाची माहिती असू शकते.