ब्रॅकेटिंग आहे, पण किती स्टॉपचं?

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेताना ‘यात एक्स्पोजर ब्रॅकेटिंग आहे का?’ असं विचारून होकार मिळाला की बहुतेक जण निश्चिंत होतात. निर्णय मात्र पुढच्या प्रश्नावर व्हायला हवा: दोन फोटोंमधलं अंतर किती स्टॉपचं ठेवता येतं? ब्रॅकेटिंगमध्ये कॅमेरा एकाच दृश्याचे तीन किंवा पाच फोटो लागोपाठ, कमीजास्त एक्स्पोजर देऊन काढतो. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून दाराकडे पाहिलं, तर वरच्या मोठ्या गवाक्षात लख्ख ऊन असतं आणि खांबांमागे काळोख. एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. तिथे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, म्हणजे साधारण १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंदाच्या शटरने तीन फोटो घेतले, तर टोकाच्या दोन फोटोंत प्रकाशाचा सोळापट फरक पडतो. सोनीचा २०१२ मधला पहिला आरएक्स१०० कॅमेरा गाजला, आणि त्याचा एक इंची सेन्सर त्या आकाराच्या कॅमेऱ्यात खरोखर मोठा होता. पण त्याचं ब्रॅकेटिंग ०.७ स्टॉपच्या पुढे जात नाही. टोकाच्या फोटोंतला फरक जेमतेम अडीचपट. गुहेसाठी तो अपुराच.

म्हणून ‘जास्त फोटो म्हणजे चांगलं ब्रॅकेटिंग’ हाही गैरसमजच. ०.७ स्टॉपच्या अंतराने पाच फोटो काढले, तरी फरक सहापटीच्या आसपास राहतो. दोन स्टॉपचे तीन फोटो त्याला सहज मागे टाकतात.

यावर रॉ फाइल वापरणारे म्हणतील की ब्रॅकेटिंगची गरजच काय, सावल्या नंतर उजळता येतात. ०.७ स्टॉपपुरतं हे अगदी बरोबर आहे. तेवढा फरक एकाच रॉ फाइलमधून मिळतो आणि त्यामुळेच एवढं आखूड ब्रॅकेटिंग जवळजवळ निरुपयोगी ठरतं. पण जो भाग पांढराफटक जळून गेला, त्यातला तपशील रॉमध्येही नसतो, आणि सावल्या फार ओढल्या की दाणे दिसू लागतात. लहान सेन्सरवर ते लवकर दिसतात. कॅमेऱ्यातला एचडीआर मोड हाही पर्याय नव्हे: अनेक कॅमेरे त्यात फोटो स्वतःच जोडून एकच जेपेग देतात. सुटे फोटो हातात नसले, तर गवाक्ष किती उजळ ठेवायचं हे आपण ठरवू शकत नाही.

स्थिर दृश्य आणि ट्रायपॉड असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन हाताने बदलूनही काम भागतं. त्यासाठी महाग कॅमेरा घेऊ नये. मात्र पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि हातात धरलेला कॅमेरा प्रत्येक वेळी बटण दाबताना हलतो. तिथे एका दाबात तीन फोटो घेणारी सोय कामी येते. कॅननचा जुना पॉवरशॉट घरात पडून असेल, तर आधी त्या मॉडेलसाठी सीएचडीके मिळतं का ते पाहावं. हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालतं, रुंद अंतराचं ब्रॅकेटिंग देतं आणि कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर बदलत नाही.