अर्धांगवायूनंतरचे चालणे

अर्धांगवायूचा झटका आला की पहिले काही महिने सारे घर औषधे, मालिश, व्यायाम यांसाठी धावपळ करते. मग कोणीतरी सांगते, ‘सहा महिन्यांत सुधारले तेवढेच, आता आशा नाही.’ तेव्हापासून त्या माणसाची खाट भिंतीला लागते ती कायमची. हा समज चुकीचा आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे. परंतु मेंदूच्या निकामी भागाचे काही काम इतर भाग सरावाने उचलतात व ही क्षमता पुढेही शिल्लक असते. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना पट्ट्यांच्या आधाराने ट्रेडमिलवर चालवले, काहींकडून फिजिओथेरपिस्टने घरीच ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षअखेर सुधारणा सारखीच! ट्रेडमिलवर सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही मागे राहिले नाहीत. तेव्हा महागडे यंत्र नाही म्हणून अडण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून, त्यांच्या सल्ल्याने सुरुवात करावी. आधी खुर्चीवरून उठणे-बसणे, मग चालणे. काठी चांगल्या हातात धरावी. सोबत्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहावे. लुळा हात धरून ओढू नये, त्याने खांद्याला इजा होते. ही चूक प्रेमापोटीच घरोघर होते. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंटबद्दल विचारावे. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा. छातीत दुखले वा चक्कर आली तर लगेच थांबावे व डॉक्टरांना गाठावे.

विद्यार्थ्यांनाही येथे काम आहे. विहाराच्या पटांगणात खडूने १० मीटर अंतर आखावे व घड्याळ लावावे. २५ सेकंदांहून अधिक लागले तर चालणे बहुधा घरापुरतेच असते. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर माणूस बाजारहाट करू शकतो. दर महिन्याला वहीत नोंद ठेवावी. (भगवंतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे जे लाभ सांगितले त्यांत आरोग्यही आहे; मग विहाराचे पटांगण यासाठी वापरण्यास हरकत कोणाची?) पहिल्या दिवशी १० मीटर झेपले नाहीत, तर पाचव्या मीटरवर एक खुर्ची ठेवावी.