वाड्यातली बिऱ्हाडं आणि विंडोजचा पुनर्विकास

एका वाचकाचा प्रश्न आलाय: टास्क मॅनेजर उघडला की ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा एकच प्रोग्राम पन्नास-साठ वेळा चालू दिसतो, हा व्हायरस आहे का?

बहुधा नाही. वाय-फाय जोडणं, आवाज, घड्याळाची वेळ जुळवणं, अपडेट शोधणं ही कामं विंडोज पडद्याआडच्या ‘सेवां’मार्फत करत असते. त्यांचा कोड असतो डीएलएल फाइलींमध्ये, आणि डीएलएल स्वतःहून चालत नाही. डबल-क्लिक करून पाहा, ती चालणार नाही. तिला आपल्या पोटात घेऊन चालवणारी प्रोसेस लागते, ती म्हणजे एसव्हीसीहोस्ट हा यजमान. कुठल्या सेवेसाठी कुठली डीएलएल उचलायची, हे तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, वाचतो.

ही सोय आली विंडोज २००० मध्ये. तेव्हा किमान ६४ मेगाबाइट रॅमवर भागवायचं होतं. विंडोजमध्ये नवी प्रोसेस उभी करणं महागडं काम, म्हणून प्रत्येक सेवेला स्वतंत्र घर न देता एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं बसवली. नळ एक, जिना एक, खर्च वाटून. साधारण सारखे अधिकार लागणाऱ्या सेवा एका वाड्यात. (प्रिंटची रांग सांभाळणारा स्पूलर मात्र आजही स्वतःची ईएक्सई राखून आहे.)

पण वाड्यात एकाच्या चुलीची आग सगळ्यांना भोवते. एक सेवा कोसळली की त्या प्रोसेसमधल्या साऱ्या सेवा खाली. ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर वर्म आठवतोय? त्यानं प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी आरपीसी सेवा पाडली की विंडोज एक्सपी साठ सेकंद उलटे मोजून यंत्र रीस्टार्ट करायची. कॉन्फिकर वर्मनं २००८ मध्ये याहून धूर्त चाल केली: स्वतःची डीएलएल सेवा म्हणून नोंदवली आणि अस्सल यजमानाच्याच पोटात शिरला. २०१३ मध्ये तर व्हायरसचीही गरज पडली नाही. एक्सपीमध्ये अपडेट शोधणारी सेवाच प्रोसेसर शंभर टक्के खाऊ लागली आणि लोक बिचाऱ्या यजमानाला शिव्या देत बसले. चूक त्यांची नव्हती. एक्सपीचा टास्क मॅनेजर फक्त यजमानाचं नाव दाखवायचा, आत कोण राहतं ते सांगायचाच नाही.

मग रॅम स्वस्त झाली. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या पीसीवर बहुतेक बिऱ्हाडं वेगळी झाली. रॅम थोडी जास्त जाते, पण एकाच्या कोसळण्यानं दुसरा पडत नाही आणि दोषी कोण ते लगेच कळतं. फायरवॉल आणि तिची पायाभूत फिल्टर सेवा मात्र अजून एकत्रच नांदतात. तुम्हाला दिसणारी गर्दी ही या विभक्तपणाची खूण आहे. ती ‘साफ’ करून संगणक पळवतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही.

शंका असेलच तर त्या ओळीवर राइट-क्लिक करून फाइलची जागा उघडा. फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमध्ये हवी. डाउनलोड्समध्ये सापडली, किंवा नावातल्या ‘व्ही’ आणि ‘सी’ची अदलाबदल दिसली, तर तो तोतया. जागा बरोबर असली तरी कॉन्फिकरसारखा पाहुणा आत असू शकतो, म्हणून अँटिव्हायरसची तपासणीही करा. पण ‘एंड टास्क’ उगाच दाबू नका.