घरचा छापखाना

छत्रपती संभाजीनगर शहरातून अजिंठ्याकडे निघालेला रस्ता हर्सूलवरून जातो. एके काळी हर्सूल हे शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते; आज ते शहराचाच एक भाग झाले आहे. हर्सूलचा तलाव, हरसिद्धी मातेचे देवालय, नवरात्रातील यात्रा या जुन्या खुणा कायम आहेत; मात्र जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती, तेथे आता घरांच्या ओळी उभ्या राहिल्या आहेत. या वस्तीतील एखादे घर आपण डोळ्यांपुढे आणू. बैठकीच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राशेजारी, तिवईवर एक पेटी ठेवलेली आहे. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर विणलेला रुमाल घातला आहे. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि मुलांचा अभ्यास मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागला, त्या दिवसांत ही पेटी घरात आली. तिला प्रिंटर म्हणतात. हा त्या घरचा छापखाना होय.

छापखाना लहान असला, तरी त्याच्याविषयी घरातील तीन पिढ्यांची तीन मते आहेत. शेताचा सातबारा उतारा आता सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. नातवाने तो मिळवला आणि मोबाइलवर आजोबांना दाखवला. आजोबांचे समाधान झाले नाही. तेव्हा नातवाने प्रिंटरमधून तो छापून त्यांच्या हाती दिला. आजोबांनी कागद उजेडात नेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "अरे, यावर तलाठ्याची सही कुठे आहे? शिक्का कुठे आहे?"

"आजोबा, सही संगणकानेच होते. हा खाली क्रमांक आहे पाहा. तो घातला म्हणजे उतारा खरा की खोटा ते कोणालाही पडताळता येते. खरे म्हणजे हा छापायचीही गरज नव्हती. मोबाइलमध्ये आहेच की!"

"आणि मोबाइल बंद पडला म्हणजे?"

या प्रश्नावर नातू हसला. पण त्याला उत्तर देता आले नाही. आईने दोघांचेही ऐकले आणि शाईची बाटली किती रिकामी झाली आहे, ते पाहिले. तिचा विचार निराळाच होता. शाळेचे अर्ज, दाखल्यांच्या नकला, विजेचे देयक यांसाठी रस्त्यावरील झेरॉक्सच्या दुकानात वारंवार जावे लागत नाही, एवढ्यापुरता तिला हा प्रिंटर हवा होता.

आजोबांची कागदावरील श्रद्धा विनाकारण नाही. हा प्रदेश १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व सरकारी कारभार उर्दूत चालत असे. त्या काळचे जमिनीचे काही कागद आजोबांच्या लोखंडी पेटीत आहेत. घरातील कोणासही ते आज वाचता येत नाहीत. तरीही दर दिवाळीस ते बाहेर काढून, त्यांना ऊन दाखवून, पुन्हा कापडात बांधून ठेवण्यात येतात. 'पांढऱ्यावर काळे' झाले की गोष्ट पक्की झाली, ही समजूत अशा पेट्यांतूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

परंतु एक गंमत पाहण्यासारखी आहे. छापील अक्षराला हा मान पहिल्यापासून होता असे नाही. आज ज्या वयाची माणसे छापील कागदाचा आग्रह धरतात, त्याच वयाची माणसे दोनशे वर्षांपूर्वी त्याला हात लावण्यासही कचरत होती.

त्या वेळी ग्रंथ हाताने लिहीत. बोरूने, घोटीव कागदावर, एकेक पोथी उतरून काढण्यास महिने लागत. हर्सूलच्या पश्चिमेस, दौलताबादच्या पुढे खुलताबादच्या वाटेवर, कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद करणाऱ्या कारागिरांवरूनच त्याला हे नाव मिळाले. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात आपली राजधानी देवगिरीस आणली, तेव्हापासून येथे ही कला आली, असे सांगतात. चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करावयाचा; तो पाण्यात कालवून चाळणीवर त्याचा पातळ थर उचलावयाचा; तो वाळवावयाचा आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. इतक्या खटपटीने हाती येणारा कागद कोण वाया घालवील? त्यावर लिहावयाचे ते विचारपूर्वकच लिहीत. आणि एवढे करूनही पोथीच्या शेवटी लेखनिक आपल्या हातून झालेल्या चुकांबद्दल वाचकांची क्षमा मागत असे.

अशा काळात मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तके छापून निघू लागली. ती पाहून गणपत कृष्णाजी या गृहस्थांच्या मनात आले की, आपले धर्मग्रंथही असेच का छापू नयेत? त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, ते विकत घेण्याची सोयही नव्हती. त्यांनी लाकडाचे यंत्र स्वतः तयार केले. दगडाचे तुकडे मिळवून त्यांवर अक्षरे कशी उठतात, हे पुनःपुन्हा करून पाहिले. शाईही घरीच बनवली. या रीतीला शिळाछाप म्हणत. तेलकट शाईने दगडावर लिहावयाचे आणि दगड ओला करावयाचा. पाणी अक्षरांवर ठरत नाही, कोऱ्या जागेवर मात्र ठरते. मग वरून शाईचा रूळ फिरवला की शाई केवळ अक्षरांनाच लागते. त्यावर कागद दाबला म्हणजे छाप उठला. अशा प्रकारे १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले. यावरून तो काळ कसा होता याची कल्पना येईल.

गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ सालच्या आपल्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात गणपत कृष्णाजींच्या या उद्योगाची हकीकत दिली आहे. छापील कागदाला स्पर्श करण्यास पुष्कळ लोक भीत असत, हेही त्यांनी नमूद केले आहे. छापण्याच्या शाईत जनावरांची चरबी असते, असा लोकांचा संशय होता. त्यामुळे पूजेत किंवा पारायणात छापील पोथी चालेल कशी? हा संशय घालवण्यासाठी गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. जुन्या पिढीच्या शंकेला हसून त्यांनी ती उडवून लावली नाही, शाईच बदलली. ही गोष्ट त्यांच्या यंत्राइतकीच मोलाची आहे.

पंचांगाने मात्र लोकांचे मन हळूहळू वळवले. तिथी-वार सर्वांनाच हवे असतात, आणि एकाच दिवशी निघालेल्या शेकडो प्रतींत ते एकसारखे मिळतात. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे सुबक देवनागरी खिळे आणि शुद्ध संस्कृत ग्रंथ यांची कीर्ती दूरवर पसरली. ज्या घरांत छापील पोथीला विटाळ मानीत, त्याच घरांत पुढे निर्णयसागरची पोथी सोवळ्यात वाचली जाऊ लागली. भरभर लिहिण्यासाठी सोयीची असलेली मोडी लिपी मागे पडली आणि छापखान्यांनी पत्करलेली बाळबोध लिपी सर्वत्र झाली. आजोबांचे आजोबा मोडीत पत्र लिहीत असतील. नातवाला तिचे एक अक्षरही लागत नाही.

आता त्या तिवईवरील पेटीकडे वळू. पूर्वी छापखान्यात एक पान छापावयाचे, तर केवढी माणसे लागत! खिळे जुळवणारा जुळारी हवा. देवनागरीत अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे मिळून शेकडो निरनिराळे खिळे असत. ते कोणत्या घरात आहेत, हे जुळाऱ्याचा हात डोळ्यांआधी जाणत असे. मग मुद्रिते तपासणारा मुद्रितशोधक, यंत्र चालवणारा, कागद लावणारा, बांधणी करणारा. घरच्या पेटीत खिळे नाहीत आणि दगडही नाही. तिच्या आत एक लहानसे डोके डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे धावत असते. त्याला केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. काही यंत्रांत छिद्रामागील शाई क्षणभर तापवतात. तिची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि शाईचा थेंब बाहेर फेकला जातो. काही यंत्रांत विजेने किंचित वाकणारी पट्टी पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे शाई ढकलते. एका इंचात ६०० ठिपके देणारे यंत्र घेतले, तर एका चौरस इंचात ३,६०,००० ठिपक्यांच्या जागा होतात. त्यांपैकी कोणत्या भरावयाच्या आणि कोणत्या कोऱ्या ठेवावयाच्या, हे संगणक सांगतो. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच शायांच्या ठिपक्यांतून पैठणीच्या काठापासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत सर्व रंगांचा भास निर्माण होतो. भिंगातून पाहिले, तर रंगीत चित्राचे पुन्हा ठिपके होतात.

कचेऱ्यांतून व झेरॉक्सच्या दुकानांतून जे यंत्र असते, त्याची रीत वेगळी आहे. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. त्याच स्थिर विजेचा उपयोग करून चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या भुकटीने पहिली नक्कल उठवली. एकस्वाच्या कामासाठी कागदांच्या नकला करून तो कंटाळला होता. विजेने भुकटी अक्षरांच्या जागी ओढली जाते आणि उष्णतेने वितळून कागदास चिकटते. म्हणून दुकानातून हाती येणारा कागद कोमट लागतो.

शाईच्या प्रिंटरचा एक स्वभाव आईला चांगला ठाऊक झाला आहे. तो फार दिवस बंद ठेवला, तर छिद्रांतील शाई वाळते, अक्षरांतून पांढऱ्या रेघा जातात, आणि ती छिद्रे साफ करण्यातच पुष्कळ शाई खर्ची पडते. म्हणून ती आठवड्यातून एकदा तरी काहीतरी छापते. केवळ यंत्र चालू राहावे म्हणून कागद छापणे आजोबांना पटत नाही. असे कागद ते गोळा करतात आणि पाठकोऱ्या बाजूंच्या वह्या शिवतात. त्यांच्या वहीत एका पानावर दुधाचा हिशेब असतो आणि मागे अर्धवट उमटलेला मोर असतो.

मुलाच्या प्रकल्पवहीविषयी आजोबांचे म्हणणे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दौलताबादच्या किल्ल्याचे रंगीत चित्र त्याने छापून चिकटवले. वही सुंदर दिसली. आजोबांनी विचारले, "चाँद मिनार किल्ल्याच्या माथ्यावर आहे की पायथ्याशी?" चित्र समोर असूनही मुलाला ते पुन्हा पाहावे लागले. हाताने चित्र काढले असते, तर हे त्याला आपोआपच कळले असते. छापलेल्या चित्राकडे आपण बहुधा एकदाच पाहतो. अर्थात, पानभर मजकूर सुवाच्य अक्षरांत वीस मुलांना वाटावयाचा असेल, तर हाताने वीस प्रती काढणे हा हट्टच ठरेल, आणि तेथे नातवाचे म्हणणे बरोबर आहे.

एका प्रसंगाने मात्र तिघेही विचारात पडले. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त मुलाने गल्लीतील मित्रांसाठी एक पत्रक तयार केले. अक्षरे मोठी, कडेने तिरंगी पट्टा, सर्व काही नेटके. त्यात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याचे साल १९४८ ऐवजी १९४७ पडले होते. आजोबांनी ते वाचले आणि त्यांची भुवई उंचावली. पण ते लगेच बोलले नाहीत. मुलाने हेच वहीत हाताने लिहिले असते, तर त्यांनी क्षणात चूक दाखवली असती. येथे अक्षरे छापील होती. आयुष्यभर छापील अक्षरावर ठेवलेला विश्वास आड आला आणि आपलेच तर काही चुकत नाही ना, अशी शंका त्यांना आली. शेवटी त्यांनी कपाटातून जुने पुस्तक काढून साल पाहिले, तेव्हा त्यांची खात्री पटली.

पूर्वीच्या छापखान्यात ही चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतून बहुधा सुटली नसती. आणि सुटलीच, तर पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडीत. 'अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध हे, शुद्ध ते' अशी ती यादी म्हणजे छापखान्याने दिलेला कबुलीजबाबच असे. घरच्या छापखान्यात लेखक, जुळारी, मुद्रितशोधक आणि यंत्रचालक हे सर्व एकच मूल असते. त्याने बटण दाबले की चूक आणि बरोबर दोन्ही सारख्याच सुबक अक्षरांत बाहेर पडतात. पत्रकाच्या बारा प्रती तोवर छापून झाल्या होत्या. "आजोबा, एकाच आकड्याची तर चूक आहे," मुलगा म्हणाला. आजोबा म्हणाले, "अरे, त्या आकड्यासाठी माणसे आणखी वर्षभर लढली."

मग दोघे पत्रक घेऊन बसले. जुन्या छापखान्यांत मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचावयाची आणि मुद्रितावर दुसऱ्याने बोट ठेवून पाहावयाचे, अशी चाल होती. त्याप्रमाणे आजोबा जुने पुस्तक वाचू लागले आणि मुलगा आपल्या ओळी तपासू लागला. सालाखेरीज एका नावातील वेलांटीही चुकलेली निघाली. दुरुस्ती होऊन नव्या प्रती बाहेर आल्या. जुन्या बारा कागदांची मागची बाजू कोरी होती. आजोबांनी ते नीट जुळवले, सुईत दोरा ओवला आणि पुढच्या महिन्याच्या हिशेबाची वही शिवावयास घेतली.