सरकारी कंपनीतल्या नोकऱ्या घटल्या, तर गावातल्या घराच्या किमतीचे काय होते?

तुम्ही ज्या गावात राहता तिथे पोलाद कारखाना, खाण, यंत्रांचा कारखाना किंवा एखादे मोठे सरकारी महामंडळ आहे का? असेल, तर तुमच्या घराची किंमत त्या कंपनीच्या पगारपत्रकाला बांधलेली आहे. तुम्ही स्वतः तिथे नोकरीला नसलात तरीही. किराणा दुकानदार, शिकवणीचे सर, रिक्षावाले यांचे उत्पन्न शेवटी त्याच पगारातून येते आणि घर घ्यायला किंवा भाड्याने राहायला येणारेही त्यांच्यातलेच असतात.

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे सोन्याच्या खाणींचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि त्यांच्याभोवती शहर वसले. 1902 मध्ये इथे शिवनसमुद्रची वीज आली. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांत तेव्हा अंधार होता. पुढे खाणी भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे गेल्या आणि 2001 मध्ये त्या बंद झाल्या. शहरात त्या तोडीचा दुसरा रोजगार नव्हता. आजही तिथली हजारो माणसे पहाटेच्या गाडीने सुमारे 100 किलोमीटरवरच्या बेंगळुरूला कामाला जातात. ज्या गावातून रोज कामासाठी बाहेर जावे लागते, तिथे बाहेरचा माणूस घर घ्यायला सहसा येत नाही.

आता त्याच राज्यातले दुसरे टोक. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बेंगळुरूच्या जालहळ्ळीत होता. कामगार कमी होत गेले आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तरी त्या भागातली घरे स्वस्त झाली नाहीत, कारण बेंगळुरूत घर घेणारे दुसऱ्या शंभर ठिकाणी नोकरी करत होते. म्हणजे किती माणसे घरी बसली यापेक्षा गावातल्या एकूण नोकऱ्यांमध्ये त्यांचा वाटा किती, हे महत्त्वाचे. बीएसएनएलमधून जानेवारी 2020 अखेर 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकदम बाहेर पडले. आकडा प्रचंड, पण ही माणसे देशभर विखुरलेली होती. तेवढीच कपात एका खाणगावात झाली असती तर गाव बसले असते.

भाव एका रात्रीत पडत नाहीत

पुष्कळांची समजूत असते की कपातीची बातमी आली की घरांचे भाव लगेच कोसळतात. उलट सुरुवातीला ते थोडे वाढूही शकतात. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याच्या हातात एकरकमी पैसा येतो आणि आपल्याकडे अशा पैशाची पहिली वाट घराकडे जाते. कोणी प्लॉट घेतो, कोणी वर मजला चढवतो. दलाल खूश असतात. या काळात कोणी "आत्ताच घ्या, भाव चढताहेत" म्हणाले, तर दोन वर्षांनंतर या गावात पगार कोण देणार आहे, हे त्याला विचारा.

पहिला फटका भाड्याला बसतो. नवी भरती थांबली की बाहेरगावाहून येणारे तरुण भाडेकरू येईनासे होतात. कंपनीचे क्वार्टर रिकामे पडतात आणि काही ठिकाणी ते निवृत्त कर्मचाऱ्यांना किंवा बाहेरच्यांना भाड्याने, लीजवर दिले जातात. मग खासगी खोल्यांना आणखी स्पर्धा होते. त्यानंतर विक्री मंदावते. घरमालक भाव कमी सांगायला तयार नसतो, कारण शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय भावाने विकले ते त्याच्या डोक्यात पक्के असते. त्यामुळे बोलण्यातला भाव तोच राहतो, पण घर महिनोन्‌महिने पडून राहते. ज्याला मुलीचे लग्न किंवा आजारपण यासाठी पैसे लागतात तो अखेर उतरून विकतो, आणि तिथून पुढे भाव उतरलेला सगळ्यांना दिसू लागतो.

नॅशनल हाउसिंग बँकेचा रेसिडेक्स हा घरांच्या किमतींचा निर्देशांक मोठ्या शहरांपुरता असतो. छोट्या गावात तुम्हाला स्वतःच चौकशी करावी लागेल. किती घरांवर "विकणे आहे" किंवा "भाड्याने देणे आहे" अशा पाट्या किती महिने लटकताहेत? नुकतेच झालेले खरेदीखत कितीचे? रेडी रेकनरवर मात्र विसंबू नका. काही राज्यांत त्याला सर्कल रेट किंवा गाइडन्स व्हॅल्यू म्हणतात. बाजार पडला म्हणून तो आपोआप पडत नाही, आणि तुम्ही त्याहून कमी भावात घर घेतलेत तरी मुद्रांक शुल्क सहसा त्या जास्त रकमेवरच भरावे लागते.

कर्ज असेल तर

खरा धोका इथे आहे. समजा, तुम्ही 20 लाखांचे घर घेतले. 2 लाख स्वतःचे घातले आणि 18 लाख 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज काढले. हप्ता सुमारे 16,200 रुपये. तीन वर्षांत तुम्ही बँकेत जवळपास 5 लाख 83 हजार भरता. त्यातून मुद्दल फिटते फक्त 1 लाख 11 हजारांच्या आसपास, बाकी सगळे व्याज. म्हणजे अजून सुमारे 16 लाख 90 हजार देणे आहे. आता गावातले भाव 20 टक्क्यांनी उतरले तर घराचे 16 लाख येतील. घर विकूनही बँकेला पदरचे 90 हजार द्यावे लागतील. आणि ज्या कारणाने घर पडले त्याच कारणाने तुमची नोकरी किंवा दुकानही अडचणीत असेल. नोकरी, घर आणि बचत हे सगळे एकाच कंपनीच्या भरवशावर असू नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

घर राहण्यासाठी असेल आणि हप्ता सहज जात असेल, तर भाव उतरला म्हणून घाबरून विकू नका; कागदावरच्या किमतीने तुमचे छप्पर जात नाही. पण सहा महिन्यांचे हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळी ठेवा. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज स्वतःच्या राहत्या घरासाठी असेल, तर मुदतीआधी फेडण्यावर बँक दंड लावू शकत नाही, म्हणून बोनस किंवा थकबाकी मिळाली की थोडे मुद्दल उतरवा. गुंतवणूक म्हणून त्याच गावात दुसरे घर घेण्याचा विचार मात्र सोडा.

स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हातात येणार असेल, तर तिची वाटणी आधी कागदावर करा. पहिले कर्ज. मग वयाची 55 वर्षे पूर्ण झाली असतील, तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडता येते. इतरांना त्यासाठी 60 वर्षांपर्यंत थांबावे लागते. या योजनेत जास्तीत जास्त 30 लाख रुपये ठेवता येतात, पण निवृत्तीच्या मिळालेल्या रकमेपेक्षा अधिक नाही. बँकेत मुदत ठेव करायची असेल, तर एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे, म्हणून मोठी रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. पोस्टात किंवा बँकेत जाताना निवृत्तीचा आदेश आणि मिळालेल्या रकमेचे पत्र बरोबर न्या, नाहीतर दुसरी खेप पडेल.